पांढऱ्या ठिपक्यांचा रेडा

मी, लुडिया रान्ते पालुंगान, वय अडुसष्ट, राहणार रान्तेपाओ, बोलू बाजारामागे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाची हेर्लिन शेजारी बसून घाई करते आहे, त्याला मी दबाव मानत नाही.

१. राहतं घर व पुढचं दुकान हेर्लिनचं. छप्पर गळतं, तेही तिचंच.

२. दुकानातल्या सहाशे बारा व्हिडिओ डिस्क मी एकोणीस वर्षांत तयार केल्या. सगळ्या आमच्या भागातल्या अंत्यविधींच्या. परमुलखात राबणारी आमची माणसं त्या मागवून बघत. आता डिस्क लावायचं यंत्र कोणाकडे उरलं नाही. म्हणून हेर्लिनने त्यांच्या फाईली करून नेटवर टाकाव्यात, कोणालाही फुकट बघता येतील अशा. ओरखडे असतील तिथे टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने आतून बाहेर पुसावं, गोल गोल नाही. हे तिला शंभरदा सांगून झालं आहे.

३. चुलतभाऊ युनुसने माझ्या चाळीस डिस्क बघायला म्हणून नेल्या आणि भाताच्या शेतात चिमण्या हाकायला टांगल्या. त्याला कॅमेऱ्याची मोडकी तिवई द्यावी. तिला टोपी घालून तीही शेतात उभी करावी.

४. डिस्क क्रमांक २१४, माझ्या आईच्या अंत्यविधीची, सन २००७. माझा थोरला भाऊ बर्नाबास तेव्हा समुद्रापलीकडे तावाउला, पामच्या मळ्यात कामाला होता. त्याला रजा मिळाली नाही. त्याने विधीत बळी द्यायला पांढऱ्या ठिपक्यांचा रेडा पाठवला, सगळ्यात महागडा. तसा रेडा त्या वर्षी कोणाच्याच अंगणात पडला नाही. निवेदकाने दादाचं नाव तीनदा पुकारलं. मी ते चित्रित केलं आणि डिस्क करताना कापून टाकलं.

मळ्यावरच्या आमच्या लोकांनी ती डिस्क एकत्र बसून पाहिली. एकजण म्हणाला, "काय रे बर्नाबास, रेडा वाटेत पोहायला उतरला का?" दादाने मला फोन केला.

"लुडे, माझा रेडा कुठाय?"

"डिस्क भरली, दादा."

"गावप्रमुखाचं भाषण बरं मावलं!"

मी फोन ठेवला.

डिस्क भरली होती हे खरं. पण मी कापलं ते रागाने. आई आठ महिने आतल्या खोलीत होती, मी एकटी तिच्या उशाशी रोज कॉफी ठेवत होते, आणि यायचं सोडून याने जनावर पाठवलं. माझं चुकलं. सतरा वर्षं तो घरी आलेला नाही.

५. न कापलेलं चित्रण तीन डिस्कवर, तांदळाच्या डब्यात आहे. हेर्लिनने त्याची फाईल केली आहे, नेटवर टाकलेली नाही. काल ती म्हणाली, "मावशी, आत्ताच टाकते ना. एक बोट तर लावायचंय."

"नको. तो फोन करेल, मग बोलावं लागेल."

"मग काय, मेल्यावर टाकू?"

"मेल्यावर नाही. आजारी असताना."

६. म्हणून लिहून ठेवते. माझा श्वास थांबला की मला आईला ठेवलं होतं तसंच त्या आतल्या खोलीत ठेवावं. पहिला रेडा पडेपर्यंत आमच्यात माणूस आजारी असतो, मृत नाही. हेर्लिनने एका घरच्या चित्रणाच्या फाईलीला घाईघाईने 'दिवंगत' असं नाव दिलं होतं, तेव्हा त्या घरात बाई अजून आजारीच होती आणि लोक भांडायला आले होते. माझ्या बाबतीत असं करू नये. माझा श्वास थांबेल त्याच दिवशी दादाच्या रेड्याची फाईल नेटवर टाकावी आणि तावाउला कळवावं. तो येईपर्यंत विधीची तारीख ठरवू नये. महिने लागोत, वर्षं लागोत, मला घाई नाही.

तो दारात आला की "लुडिया गेली" असं कोणी म्हणू नये. "लुडिया आजारी आहे, आत जाऊन बोल," एवढंच सांगावं. त्याला हवं तितकं बोलू द्यावं. या वेळी मला फोन ठेवता येणार नाही.

सही: लुडिया रान्ते पालुंगान

साक्षीदार:
मार्गारेथा सोम्बा, शेजारीण
युनुस पालुंगान, चुलतभाऊ (कलम ३ वाचून, तरीही)

रान्तेपाओ, ११ मार्च २०२४