मागे काय आहे?

अहो,

अंध वाचकांच्या पुस्तकांचं काम मी अजून करते. फोन मजकूर वाचून दाखवतो, पण चित्र आलं की गप्प बसतो. तिथे काय आहे ते मी लिहून देते. आज वर्सोव्याच्या होड्या होत्या. आमचं काम तपासणारी दर्शना म्हणाली, "काकू, एका ओळीत आटपा ना!" मी मागे वाळत घातलेली मासळी आणि तिच्यावर टपलेलं मांजरही लिहिलं.

तुमचे डोळे गेल्यावर पेपर वाचून दाखवायला मी दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. फोटो आला की तुम्ही विचारायचात, "आणि मागे काय आहे गं?" तुम्ही गेल्यापासून कोणी विचारत नाही. थकायला होतं.

दर्शनाने मांजर खोडलं. मी ते परत लिहिलं.

तुमची,
वनमाला