मी मान हलवली

माय, परवा तुझ्या दूध संस्थेत माझा सत्कार झाला, आणि तेव्हापासून मला माझीच शिसारी आली आहे. केजवरून जीपने गावात उतरले तर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली, आणि मला मात्र पाय धुवायला तांब्याभर पाणी दिलं. मी धुतले. तू उभ्या केलेल्या आणि मागे ठेवून गेलेल्या या बायकांच्या संस्थेच्या आताच्या अध्यक्षबाई माइकवर सांगत होत्या, "आपल्या सचिवबाईची लेक हाय ही! सहा दिस एकटी समिंदरात, किनारा नजरंला पडला न्हाई!" मागून एक म्हातारी म्हणाली, "आमच्या नजरंला टँकर पडंना, त्याचं काय गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

किनारा मला जवळजवळ सगळा वेळ दिसत होता, माय. रत्नागिरीहून शिडाच्या होडीने सरळ खोल समुद्रात जायचं आणि मोठा वळसा घेऊन सहा दिवसांनी गोव्याला लागायचं, असं ठरवून मी निघाले. जाणती माणसं सांगतात की खोल पाणी किनाऱ्यापेक्षा बरं; तिथे आपटायला खडक नाही, वारा एकसारखा असेल तर सुकाणू बांधून थोडं झोपताही येतं. किनाऱ्यालगत डोळा लागला तर होडी फुटते. हे सगळं मला पाठ होतं. पण पहिल्याच दुपारी डोंगरांची शेवटची रेघ पुसली गेली, चहूकडे नुसतं पाणी उरलं, आणि मी वाकून ओकले. लाटा फारशा नव्हत्या. भीतीने ओकले. अंगावर ओकारीचा वास तसाच ठेवून मी सुकाणू किनाऱ्याकडे फिरवलं. मग पाच दिवस खडक आणि जाळी चुकवत, संध्याकाळी कुठल्यातरी बंदरात दोर बांधून, धक्क्यावर चहा पीत गोवा गाठला. तेही एकटीने केलं आणि ते सोपं नव्हतं. तेवढंच सांगितलं असतं तर पुरलं असतं. उतरल्यावर बातमीदाराने विचारलं, "सगळा प्रवास भर समुद्रातून?" मी मान हलवली. दमले होते म्हणून, असं डायरीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं.

आठवतं तुला, त्या दुष्काळात आपली म्हैस आटत आली होती? मी बारा वर्षांची. सचिवबाईच्या घरचंच दूध सगळ्यांत कमी दिसू नये म्हणून मी बरणीत पेलाभर पाणी ओतते. तू रांगेतल्या प्रत्येकीच्या दुधात तपासायची काचनळी सोडतेस. आपल्या दुधात ती खोल जाते. तू माझ्याकडे बघतेस. "पानी घातलंस? या साली? कुठून आनलंस गं, टँकरचं?" एक बाई म्हणते, "घ्या, आता पान्यातच दूध शोधा!" हशा पिकतो. तू हसत नाहीस. पाणी घालणारीने रांगेसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं आणि बरणी परत न्यायची, हा तूच घातलेला रिवाज. "बोल," तू म्हणतेस. मी बोलले. दुष्काळात दूध फेकायचं नाही म्हणून ते घरी आणलं, आणि दोन दिवस तू त्याचाच पांचट चहा माझ्यासमोर बसून प्यायलीस.

परवा ती नळी मी संस्थेच्या कपाटात पाहिली. समोर त्याच बायका, त्यांच्या सुना. "बोल" म्हणायला कोणी नव्हतं. शाल खांद्यावर घेतली, नारळ घेतला, आणि समुद्रावर एकटं असण्याबद्दल चांगली वीस मिनिटं बोलले.

आता संस्थेत तुझ्या फोटोशेजारी माझा लावणार आहेत, खाली "भर समुद्रात एकटी" असं लिहून. उद्या चौकट करायला टाकतील. तेवढं थांबवायचं म्हणून हे पत्र लिहिता लिहिता उठून मी अध्यक्षबाईंना फोन केला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "चौकट कसली करायची, ताई?"

मी म्हणाले, "मायच्या फोटोला आहे तशीच."