जुना कर्नेल कोणी पुसला

आई, नांदेडच्या घरातला कॉम्प्युटर सकाळपासून माझ्यासमोर चालू आहे आणि त्याला काय उत्तर द्यावं ते मला कळत नाही. काल अपडेट केलं. आता सुरू करताना पडद्यावर दोन कर्नेलची यादी येते, नाव एकच, पुढचे आकडे वेगळे. नवा निवडला तर स्पीकर मुका होतो. जुना निवडला तर आवाज येतो, पण मागच्या महिन्यात आणलेलं वायफायचं यंत्र तो ओळखत नाही. तिसराही एक मिळतो, पुढची काही वर्षं त्याच्या दुरुस्त्या येत राहणार असं लिहिलंय, पण तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. इंटरनेटवर एक जण सांगतो नवाच घ्या, दुसरा सांगतो चालतंय त्याला हात लावू नका. पॉलिटेक्निकात मी मुलांना हेच शिकवते. तिथे फळ्यासमोर सगळं सोपं असतं.

कर्नेल म्हणजे काय ते मी तुला लातूरच्या स्वयंपाकघरात सांगितलं होतं. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, शनिवारी एसटीने घरी आले होते, आणि तू भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, सगळे त्याच्याशीच बोलतात, परस्पर कुणी कुणाशी बोलत नाही. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "म्हणजे हेडक्लार्क." मी हसले. पुढे मला त्याची याहून चांगली ओळख कुणी करून दिली नाही.

ऑफिसं तुला माहीत होती. भूकंपात तुझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या भिंतीला तडे गेले, ती बंद झाली आणि एक जुनं मशीन तू घरी आणलंस. बाबा त्याआधीच गेले होते. कचेरीबाहेर पत्र्याच्या सावलीत टेबल टाकून तू लोकांचे अर्ज टाइप करायचीस. शाळा बंद होत्या म्हणून मीही तुझ्याजवळ पोत्यावर बसलेली असे. गावाकडून आलेली माणसं घराच्या किती खोल्या पडल्या ते सांगायची, मग कोण कोण गेलं ते सांगायची. तू प्रत्येक नाव दोनदा विचारायचीस. एक म्हातारे एकदा चिडले, "बाई, माणूसच न्हाई ऱ्हायलं, नावाचं काय करता?" तू मान वर न करता म्हणालीस, "म्हणून तर नीट सांगा, काका." कागद ओढून काढण्याआधी तू तो पुन्हा वाचायचीस, ओठ हलवत.

मग शहरात क्लासेसचं पीक आलं. परभणी, बीड, उदगीर, कुठून कुठून पोरं खोल्या करून राहायला लागली, आणि दर रविवारी कुणाची ना कुणाची टेस्ट. आपल्या गल्लीच्या तोंडाशी फिजिक्सचे एक सर होते, त्यांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका तुझ्याकडे यायच्या. तू सेकंडहँड कॉम्प्युटर घेतलास, तो शिकलीस. त्यातलं फिजिक्स तुला कळत नव्हतं, पण स्पेलिंग एक चुकायचं नाही. एकदा व्हायरसने सगळ्या पत्रिका गिळल्या, तेव्हा मी मोठ्या रुबाबात कॉलेजातून सीडी आणली आणि तुझ्या मशीनवर व्हायरस सहसा न लागणारी लिनक्स सिस्टीम बसवली. प्रिंटर चालवायला एक खास प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लागला, तो त्या कर्नेलपुरताच बनवलेला होता. दोन दिवस खपून मी तो जुळवला. तू शेजारपाजारी सांगत सुटलीस, पोरीनं केलं म्हणून.

पुढच्या वर्षी सरांनी पेन ड्राइव्ह घेतला. आपला कर्नेल तो वाचेना. मी हॉस्टेलवरून नवा कर्नेल आणला, शनिवारी संध्याकाळी बसवला, पेन ड्राइव्ह उघडला, तू टाळी वाजवलीस. डिस्कवर जागा उरली नव्हती, म्हणून मी जुना पुसून टाकला. तू कुकर लावायला आत गेली होतीस. छापून बघायचं मला सुचलंच नाही.

रविवारी सकाळी तू छापायला बसलीस आणि प्रिंटर हललासुद्धा नाही. चार वाजता टेस्ट होती. जुन्या कर्नेलची सीडी विष्णुपुरीला, जाऊन येण्यात दिवस गेला असता. मी यादी पुन्हा पुन्हा उघडून बघायचं सोंग करत होते. तू मागे येऊन उभी राहिलीस.

"जुनं हाय ना अजून? त्याच्यावर लाव."

"दिसत न्हाई."

"काल तर होतं."

आणि आई, मी मागे न वळता म्हणाले, "तूच काही पुसलंस का? मधी काही दाबलंस का?"

तू पडद्याकडे वाकून पाहिलंस. मग म्हणालीस, "मी? दाबलं असंल बाई. मला काय कळतंय त्यातलं."

मग तू माळ्यावरून टाइपरायटर उतरवलास. स्टेन्सिलचे कागद एका शाळेतून मागून आणलेस, आणि दहा वाजल्यापासून चार पानं ठोकलीस. सूत्रं टोकदार लोखंडी पेननं हातानं कोरलीस. चूक झाली की त्यावर लाल वार्निशचा ठिपका, त्याचा वास घरभर. शाळेतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती निघून पत्रिका पोहोचल्या तेव्हा पाच वाजून गेले होते आणि पोरं रस्त्यावर उभी होती. सर घरी आले. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, असं कसं झालं?" मी दाराशी उभी होते. तू म्हणालीस, "माझ्याच हातून पुसलं गेलं, सर. पुन्हा व्हायचं न्हाई." पुढच्या महिन्यापासून त्यांची कामं चौकातल्या डीटीपीवाल्याकडे गेली.

इथून पुढे माझा गोंधळ सुरू होतो, आणि इतक्या वर्षांत तो सुटलेला नाही. पुढच्या शनिवारी आले तर तू कीबोर्डवरच्या डिलीटच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली. म्हणजे तुला खरंच वाटलं होतं, आपणच पुसलं. ते बघूनही खरं काय ते मी सांगितलं नाही. पण त्याच दिवशी बसस्टँडवर सोडायला आलीस तेव्हा डब्याची पिशवी खिडकीतून देत म्हणालीस, "काम केलं की एकदा छापून बघत जा, माय." हे तू मला का सांगितलंस? तुला माहीत होतं? मग ती पट्टी कुणासाठी होती? मी कधी पट्टी खरी धरते, कधी ते वाक्य. तुझ्या शेवटच्या आजारात विचारता आलं असतं. मी तुझ्या उशाशी बसून औषधांच्या वेळा लिहीत राहिले.

दुपारी मी तो तिसरा, दुरुस्त्या मिळत राहणारा कर्नेल उतरवला. आवाज आला, वायफायही लागलं. का लागलं ते मला नीट सांगता येणार नाही. पुढचं अपडेट येईपर्यंत हाच बरोबर, असं धरून चालायचं.

हे तुला कुठे पाठवणार, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकते. दरवर्षी या धड्याला मी वर्गात एक गोष्ट सांगते. लातूरच्या एका टायपिस्ट बाईंनी कॉम्प्युटर शिकल्याच्या उत्साहात आपल्याच मशीनचा जुना कर्नेल पुसला आणि टेस्टच्या दिवशी त्यांची कशी फजिती झाली, ती. मुलं हसतात आणि धडा त्यांच्या लक्षात राहतो. त्या बाई माझ्या कोण, ते मी सांगत नाही. यंदाही मी ती तशीच सांगितली.