हिरवी खुर्ची आणि पुलाखालची वटवाघळं

३ एप्रिल, जेवणानंतर

राज्यं जातात, सिंहासनं जातात. पण त्यांची निदान कुठेतरी नोंद होते. माझी बाल्कनीतली घडीची खुर्ची, हिरव्या कॅनव्हासची, आज नाहीशी झाली आणि घरात कोणाला तिचं सोयरसुतक नाही. ऑफिसातून आलो, बूट काढले, सवयीने मागे न बघता बसायला गेलो तो थेट फरशीवर. घरात कोणाला म्हणजे बायकोला. मुलगी हॉस्टेलवर असते, त्यामुळे सोयरसुतक नसायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

चौकशी केली. खुर्ची गच्चीवर आहे म्हणाली. का, तर वटवाघळं बघायला. समोरच्या पुलाच्या पोटात, दोन स्लॅबच्या फटीत, हजारोंनी राहतात म्हणे. दिवेलागणीला सगळी एकदम बाहेर पडतात. गच्चीच्या कोपऱ्यातून ती सगळ्यात छान दिसतात, हा शोध वरच्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरचा. आता अर्धी बिल्डिंग रोज तिथे. तुम्हीही चला, असं ती आठवडाभर म्हणतेय. मी रोज 'आलोच' म्हणतो. समोर बातम्या चालू असताना माणूस आणखी काय म्हणणार?

मी विमा कंपनीत दावे तपासतो. हरवलेल्या वस्तूंसाठी रडणारी माणसं आजवर कोरड्या डोळ्यांनी पाहिली. आज कळलं बिचाऱ्यांचं.

संकल्प: मत्सर करायचा नाही. वटवाघळांचा तर नाहीच नाही.

५ एप्रिल

पाण्याची टाकी तपासायला गच्चीवर गेलो. संध्याकाळी गेलो, कारण टाकी संध्याकाळीच नीट दिसते.

दातवाला कठड्याला टेकून उभा. पांढरा शर्ट, दात त्याहून पांढरे. हातात थर्मास. त्यातला बिनसाखरेचा चहा तो सगळ्यांना वाटतो. बायकोने दोन कप घेतले. मी एकदा साखर विसरलो होतो, तेव्हा तो चहा बेसिनमध्ये गेला होता.

तो मला काका म्हणाला. बायकोला ताई म्हणतो. माझ्याहून फार तर सहा वर्षांनी लहान असेल. मी काका आणि ही ताई, तर मी स्वतःच्या बायकोचा कोण झालो, हे त्याने एकदा मांडून दाखवावं.

मुख्य गोष्ट पुढेच. माझी खुर्ची कोपऱ्यात, सगळ्यात मोक्याच्या जागी. रिकामी. तिच्यावर बायकोची पिशवी. बायको स्वतः शेजारच्या जाड पाण्याच्या पाइपवर बसलेली. दातवाल्याची आई उलट्या बादलीवर. म्हणजे खुर्ची धरून ठेवलेली आहे. कोणासाठी, ते सांगायला ज्योतिषी नको. दातवाला उभा होता तो काय, आमच्यासमोर बसायची लाज वाटली म्हणून.

वटवाघळं पाहिली नाहीत. टाकी पाहायला गेलो होतो. टाकी ठीक आहे.

९ एप्रिल, सकाळी

काल दिवसभर ऑफिसात भरपूर वाचन केलं. (तीन दावे पडून आहेत. पडू देत, जळालेली गोदामं कुठे पळून जात नाहीत.) या विषयात आता बिल्डिंगमध्ये माझ्याइतका अधिकार कोणाचा नाही. नुसतं बघायला काय, कबूतरंही बघतात. समजायला लागतं.

वाक्य तयार केलंय: वटवाघूळ हा पक्षी नव्हेच, सस्तन प्राणी आहे. दाढी करताना तीनदा म्हणून पाहिलं. डावी भुवई थोडी वर ठेवली की वजन येतं.

संध्याकाळी

गच्चीवर गेलो. योग्य क्षणी वाक्य टाकलं. भुवईसकट.

मग दातवाल्याची आई म्हणाली, हो रे बाळा, पिल्लांना पोटाशी धरून पाजतात बिचाऱ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ही माहिती म्हणजे गच्चीवर पहिलीपासून शिकवतात तशी.

बायको घाईघाईने खुर्चीवरची पिशवी उचलत काहीतरी म्हणत होती. मी थांबलो नाही. दुसऱ्याच्या जागेवर औटघटकेचा राजा होऊन बसणाऱ्यांतला मी नव्हे.

१० एप्रिल

बायको म्हणते, मी झोपेत दात खातो. कराकरा आवाज येतो. मी म्हटलं, पंखा असेल. ती म्हणाली, पंखा बंद होता. वर म्हणाली, दाताचं काही असेल तर वरच्या मजल्यावर जाऊन... वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

आज तिने वटवाघळांबद्दल बोलताना 'आमची' हा शब्द वापरला. आमची आज उशिरा निघाली. या 'आमची'मध्ये मी नाही. वीस वर्षं या घरातल्या प्रत्येक 'आमच्या'त मी होतो, वीजबिलापासून माळ्यावरच्या गाद्यांपर्यंत.

पण मी रडत बसणारा माणूस नाही. योजना तयार आहे. माझी बाल्कनी पुलाच्या बरोब्बर समोर. गच्ची तिरकी. उणीव एकच, उजेडाची. ही जनावरं अंधार पडताना निघतात आणि लोक कौतुकाने अंधारात डोळे ताणतात. हा नियोजनाचा दोष आहे आणि तो दूर करता येतो. एकदा इथून लख्ख दिसायला लागली की गच्चीवर कोण जाईल? बायको तर मुळीच नाही. तिला जिने चढायचा कंटाळा आहे.

१३ एप्रिल, शनिवार, दुपारी

हॅलोजनचा झोतदिवा आणला. दुकानदाराने विचारलं, बांधकाम कुठे चाललंय? मी नुसता हसलो.

ऑफिसातल्या शेजारच्या टेबलाला बोलावलंय. पाहुण्यासमोर खुर्ची हवी, म्हणून गच्चीवरून उतरवली. वर कोणी नव्हतं. ही चोरी नव्हे, ताबा. फरक मोठा आहे. मी रोज तोच बघतो.

बायकोने मला खुर्ची घेऊन येताना पाहिलं. भांडली नाही. एवढंच विचारलं, म्हणजे आज तुम्ही इथेच बसणार का? मी म्हटलं, अर्थात. संध्याकाळी पिशवी उचलून एकटीच वर गेली. इतक्या लवकर हार मानेल असं वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी, उशिरा संध्याकाळी

झोत लावला. पूल ऑपरेशन थिएटरसारखा उजळला. फट दिसली. फटीत दाटीवाटीने बसलेली इवलीशी तोंडंसुद्धा दिसली. बाहेर मात्र कोणी येईना. शेजारचं टेबल बिस्किटं खात होतं. मी त्याला त्यांच्या पंखांची रचना समजावली. पुडा संपत आल्यावर त्याने विचारलं, शनिवारी त्यांना सुट्टी असते का?

तेवढ्यात वरून मोठा 'आऽऽ' आला आणि टाळ्या.

माझ्या बाजूचा उजेड टाळून सगळी वटवाघळं पुलाच्या पलीकडून बाहेर पडली होती. पलीकडची बाजू फक्त गच्चीवरून दिसते. शेजारच्या टेबलाने बाल्कनीतून मान बाहेर काढून वर पाहिलं, जरा बघून येतो म्हणाला आणि गेला. तो परतला नाही. थर्मासमधला चहा पिऊन परस्पर घरी गेला असावा.

बायको खाली आली ती वेगळीच दिसत होती. म्हणाली, आज नदी वाहावी तशी एका रांगेत गेली. मग म्हणाली, दातवाल्याची आई विचारत होती, कोण तो शहाणा दिवा लावून बसलाय, जिवांना घाबरवतोय. 'शहाणा' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी हिरव्या खुर्चीत बसून राहिलो. उरलेलं एक बिस्कीट चावलं. कट्कन आवाज झाला. बिस्किटाचा नव्हता.

१५ एप्रिल

शहरातले बाकीचे दातवाले एकतर गावाला गेलेत, नाहीतर पुढच्या आठवड्यात मोकळे आहेत. अर्धा चेहरा सुजला. शेवटी त्याच्याच दवाखान्यात गेलो. तत्त्व वेगळं, दाढ वेगळी.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून घडीच्या खुर्च्या. हिरव्या. कॅनव्हासच्या. पाच. सहावीच्या जागी एक कुंडी.

सासरची माणसं राहायला आली होती तेव्हा वरून एक खुर्ची मागून आणली होती, हे त्या कुंडीकडे बघताना आठवलं. ती केव्हाच परत गेली, असं मी समजून होतो. म्हणजे समजून होतो, असं आज समजतोय.

आत माझ्या तोंडात एक नळी, एक आरसा आणि त्याची तीन बोटं. बोलायला त्याने नेमकी हीच वेळ निवडली. म्हणाला, काका, दात खाऊ नका, झिजलेत. म्हणाला, गच्चीवर येत जा हो. ताई रोज तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवतात. आईने एकदा विचारलं, बसू का गं जरा, तर म्हणाल्या, बसा की, पण हे आले तर उठावं लागेल, आलोच म्हणालेत. आई मग बादलीवरच बसते. शनिवारी खुर्ची नव्हती, तर ताईंना पिशवी कुठे ठेवावी कळेना. शेवटपर्यंत हातातच धरून उभ्या होत्या.

मी 'आँ' म्हणालो. त्याने विचारलं, दुखतंय का?

खुर्ची कोणाची, याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. दाढ मात्र चांगली भरली आहे. जीभ फिरवून फिरवून खोट शोधली, सापडली नाही. उद्या पुन्हा शोधेन.

१६ एप्रिल

खुर्ची धुतली. माझ्या कपाचा गोल डाग गेला नाही.

लवकर गच्चीवर गेलो. कोपऱ्यात खुर्ची उघडून ठेवली. दातवाल्याची आई आली. म्हटलं, बसा. तिने विचारलं, आणि तू रे? मी पाइपवर बसून दाखवलं. पाइप गार असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बायको आली. खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, सरका. सरकलो. पिशवी तिने माझ्या मांडीवर ठेवली.

आधी एक निघालं. मग दोन-चार. मग पुलाखालून कोणी काळी दोरी ओढत राहावं तशी निघतच राहिली, आणि मावळतीवर जाऊन तिचा पार धूर झाला. तयार वाक्य एकही आठवलं नाही. बायकोने विचारलं, कशी वाटतात? मी म्हटलं, अंधार आहे, नीट दिसत नाहीत. ती म्हणाली, हो ना. दोघंही बघत राहिलो.

दातवाल्याने चहा दिला. काका म्हणाला. चहा वाईट नव्हता. हे बाहेर बोलायचं नाही.

सगळे पांगल्यावर खुर्ची मिटली, वरच्या मजल्यावर त्याच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. बेल वाजवली नाही. खालून बायकोने विचारलं, कुठे राहिलात? आलोच म्हटलं. आणि गेलो.