अण्णा, कावळा खारीला आला होता

तीर्थरूप अण्णा,

पत्रास कारण की, आज तुमचा दहावा झाला. त्यात जो घोळ झाला, त्याबद्दल भांडायला मला दुसरं माणूसच उरलेलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर आपलं भांडण ठरलेलं. आता ही सून कुणावर ओरडणार? भिंतींवर?

भांडण तरी कशावरून, तर तुमच्या नातीवरून. "रेवा सहा वर्सांची होस्तवर शाळा नाय. घरीच शिकंल," हे फर्मान तुमचंच ना? मलाही पटलं होतं. चार वर्षांच्या पोरीला झोपेतून उठवून, गाडीत कोंबून खोपोलीला धाडायचं माझ्याही जिवावर येत होतं. पण घरी शिकवायचं म्हणजे काही शिस्त नको? मी कर्जतहून मुळाक्षरांचा रंगीत तक्ता आणला, खिळा ठोकून लावला. दुसऱ्या दिवशी बघते तर तक्ता अंगणात उलटा, आणि त्यावर तुमच्या मिरच्या वाळतायत! वर मलाच सांगता, "अगं, ती मिरच्या मोजतेय. ईसाच्या पुढं गेली बघ!"

कोंबडीला दात का नसतात? सावली पाण्यात भिजत का नाही? दिवसभर पोरीच्या तोंडाचा पट्टा चालू. मी भाकरी थापता थापता काहीतरी उत्तर देऊन मोकळी व्हायचे. तुम्ही मात्र काठी उचलायचात, आणि आजोबा-नात कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेला गायब. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

आणि तो कावळ्यांचा उद्योग! परसातल्या दगडी गडग्यावर रोज भात, भाकरी आणि खारी मांडून दोघं दडून बसायचात. कावळा आधी काय उचलतो ते बघायला! डब्यातली खारी कधी महिनाभर पुरली नाही. "याला अभ्यास म्हणतात का?" असं विचारलं की नुसते हसायचात.

आज उल्हास नदीच्या काठी पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर आलं. भावकी घाम पुसत उभी. ह्यांनी हात जोडून सांगितलं, शेत विकणार नाही. कावळा झाडावरून हलला नाही. गायही विकणार नाही. तरी नाही. मग शेलूच्या ताई पुढे झाल्या. तुमची लाडकी लेक, आणि आमची ही घरातली शाळा त्यांना पहिल्यापासून खुपणारी. "अण्णा, रेवाला जूनमधी शाळंत घालतो. मी शब्द देते तुमाला!"

शब्द त्यांचा आणि पोरगी माझी! मी तोंड उघडणार, इतक्यात रेवा माझा हात सोडून धावली. फ्रॉकच्या खिशातून चुरा झालेली खारी काढली आणि पिंडापाशी ठेवली. कावळा झपकन खाली आला. खारी उचलली आणि जाता जाता भातालाही चोच मारून गेला.

"शिवला, शिवला!" ताईंना रडू फुटलं. "बघा, अण्णांचा जीव पोरीच्या शाळंत अडकला व्हता!"

"आत्या, खारी व्हती गं! त्याला भात नाय आवडत! आमी रोज बघितलंय!" रेवा जीव तोडून सांगत होती. भटजी हसले, हे हसले, सगळी भावकी हसली. मीही तिचा दंड धरला आणि म्हटलं, "गप्प बस. सगळे बघतायत."

घरी आल्यावर हे म्हणतात, "अण्णांना दिलेला शब्द हाय, मोडायचा कसा?" झालं! सोमवारी जाऊन शाळेत नाव घालायचंही ठरलं.

अण्णा, जायची एवढी काय घाई होती हो? निदान एकदा ते फर्मान चारचौघांत, लेकीसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगून तरी जायचंत! आणि खरं सांगू? एकदा मनात आलंही, जाऊ दे तिला शाळेत. सकाळी घर शांत राहील, गिऱ्हाइकांचे ब्लाउज वेळेवर शिवून होतील. तिच्या प्रश्नांनी जीव नकोसा होतो मला.

पण नदीवरून आल्यापासून तिनं एकही प्रश्न विचारलेला नाही. दुपारी मांजरीनं पिल्लं मानेला धरून एकेक करून माळ्यावर नेली, तिच्या डोळ्यांदेखत. ती नुसती बघत बसली. एरवी मला मशीनवरून उठवलं असतं! शेवटी मीच विचारलं, "काय गं, पिल्लांची मान दुखत नसेल?" तर म्हणाली, "मी नाय विचारणार. सगळे हसतात."

अण्णा, सकाळी नदीवर मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.

तेव्हा आता नीट ऐका. ताईंनी तुम्हाला दिलेला शब्द मी मोडणार आहे. ह्यांना सांगून झालंय, ताईंना उद्या फोन करते. भावकीला काय म्हणायचं ते म्हणू दे. सहा वर्षांची होईपर्यंत रेवा घरीच शिकेल. आणि चारचौघांत तिला मी पुन्हा गप्प करणार नाही, समोर भटजी असोत नाहीतर तुम्ही! तुमचा जीव खरंच तिच्या शाळेत अडकला असेल, तर राहू द्या अडकलेला. दोन वर्षं इथंच राहाल. मला तेवढीच मदत होईल.

तुमची भांडकुदळ सून,
वैशाली