उद्याच्या सुनावणीआधी

प्रिय चिमू,

हे आपल्या गल्लीच्या समितीच्या पत्रकांच्या पाठीवर लिहितेय. छापताना तारीख चुकली आणि अख्खा गठ्ठा पडून राहिला. तू नाक मुरडशील, पण पाठ कोरी आहे, रद्दीत घालायला जीव होईना. बाबा तुझ्या खोलीवर आणून देतील.

आमचं ठीक. तळ्याकाठच्या झाडांवर लाल पट्टे मारून गेलेत, वॉटर पार्कच्या नव्या राइडचे खांब तिथेच येणार. बगळे यायचे बंद झाले. विहीर तळाला लागली आणि तिकडे घसरगुंड्यांवरून दिवसभर पाणी वाहतंय. पूर्वी असलं काही बघून रडायचे. हल्ली बघते आणि भांडी घासायला घेते. जपाला बसल्यावर पार्कातून किंकाळी आली की दचकून मणी सुटायचा; आता किंकाळी आणि मणी एकदमच पुढे सरकतात. बाबा म्हणतात, तिथे लोक पैसे भरून ओरडतात, मी या घरात जन्मभर फुकट ओरडलो, कुणी तिकीट काढलं नाही.

तू पार्कच्या कंपनीतर्फे आवाज मोजायला गल्लीत आलीस, साहेब बरोबर होते म्हणून चहाही न घेता गेलीस. आवाज मर्यादेत आहे असं लिहिलंस. फोनवर म्हणालीस, आई, आकडे काही मी घरी बसून रचत नाही गं. माझी मुलगी खोटं लिहिणार नाही, हे मी समितीतही सांगितलं. त्यावर समोरचे मास्तर म्हणाले, वहिनी, तुमचं बरंय, हिशोब आमचा सांभाळता आणि लेक त्यांची. मीही हसले.

तुझे शाळेचे फ्रॉक शिवणाऱ्या शेजारच्या काकू पडल्या आणि त्यातच गेल्या, एवढंच तुला कळवलं होतं. भरदुपारी मागच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. त्या ओरडल्या. मी ऐकलं, बाबांनी ऐकलं, कपडे वाळत घालणाऱ्या मास्तरांच्या बायकोनेही ऐकलं. काकू पुन्हा ओरडल्या, तेही ऐकलं. सगळ्यांना वाटलं, राइडवरचंच कुणीतरी. संध्याकाळी दूधवाला आला, त्याला त्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. गल्लीत त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला अजून रडू आलेलं नाही.

उद्याच्या सुनावणीत समितीने मला बोलायला सांगितलंय. झाडांचं, पाण्याचं वाचून दाखवीन आणि मग काकूंचं सांगेन. तू समोर कंपनीच्या बाजूला अहवाल घेऊन बसलेली असशील. तुझा आकडा चुकला असं मी म्हणणार नाही. आवाज तेवढाच असेल, आमचीच मान वळेनाशी झालीय, आणि त्यात आणखी एक राइड नको, एवढंच म्हणेन. तुझ्या नोकरीवर येईल का, हे देवाला विचारून पाहिलं. तो काही बोलला नाही. मी मात्र बोलणार आहे. काकूंचं असं तुला चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, म्हणून लिहिलं. तिथे मला उत्तर द्यायची वेळ तुझ्यावर आली तर आई म्हणू नकोस, नुसतं बाई म्हण. मी मनाला लावून घेणार नाही.

सुनावणी सुटल्यावर घरी येशील तेव्हा पुन्हा तुझीच,
आई