चाकाखालची चादर

मंगळवार, संध्याकाळ. बडनेरा

आजचं ताट तसंच झाकून ठेवलं. ती चादर डोळ्यांपुढून जात नाही.

तलाव आटल्यामुळे काठावरच्या उताराचं सिमेंट पाण्याच्या बरंच आधी संपतं. काल बुडालेल्या पोराला शोधायला आमच्या बचाव पथकाची बोट उतरवायची होती; मी जीप सिमेंट सोडून तशीच मागे घेतली आणि बोटीची ट्रॉली गाळात रुतली. ओढायला गेलो तर जीपची चाकंही जागीच फिरायला लागली. दगड टाकले, बाभळीच्या फांद्या टाकल्या. काही उपयोग नाही.

त्या पोराचा बाप सकाळपासून काठावर बसला होता, काखेत घडी घातलेली चादर. कशासाठी, ते आमच्या पथकात कोणी विचारत नाही. इथे येणारा प्रत्येक बाप आणतो.

तो उठला, गाळात उतरला आणि ती चादर चाकाखाली अंथरू लागला.

"काका, हे काहून करता? राहू द्या," मी म्हणालो.

"पोरगं पाण्यात हाये, भाऊ. पयले त्याले काढा."

मी त्याला हात धरून अडवायला हवं होतं का? कोणत्या तोंडानं? मी गाडी त्या चादरीवरून काढली. ट्रॉली सुटली, बोट पाण्यात गेली.

दुपारी पोरगा सापडला. आम्ही त्याला घेऊन काठाला आलो, तोवर बापानं चादर धुऊन झुडपावर वाळत घातली होती. त्यानं ती हातानं चाचपून पाहिली.

"थोडं थांबा," तो म्हणाला. "ओली हाये अजून. त्याले सर्दी लवकर होते."

चादर वाळेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.